उभ्या राज्यानें पाटी निवडिली त्याची हकीकत

श्री. जो दोर तुटत नाहीं त्यास नमन, जो हात तो दोर तपासितो त्यास अधिक नमन, आणि दोन मजल्यांमध्यें अडकलेल्या जीवास धीर देणाऱ्या घंटीस तिसरें नमन करून हकीकत लिहिली ऐसीजे.

तळमजला

शके १९४६ क्रोधीनाम संवत्सरीं, भाद्रपद मासीं, एक राज्य होतें, त्याचें नांव लिहिण्याचा हुकूम नाहीं. परंतु त्याची भूमी इतर राज्यांसारखी आडवी पसरलेली नव्हती, उभी होती, हें लिहिलेंच पाहिजे. इमारतीच्या पोटांत तळापासून गच्चीपर्यंत गेलेली जी अरुंद, अंधारी विहीर असते, जींतून लिफ्टीचा पिंजरा वर-खालीं जातो, ऐशा विहिरींवर या राज्याचा अंमल चाले. लिफ्ट बसवावी, तीस तेलपाणी करावें, ती रुसली असतां समजूत घालावी, हाच राज्यकारभार. इस्पितळांच्या विहिरी, सोसायट्यांच्या विहिरी, कापडबाजारांतील जाळीच्या दारांच्या जुन्या विहिरी, आणि नदीपलीकडील कांचेच्या कचेऱ्यांच्या विहिरी, ऐसा मुलूख. आणि या राज्याची फौज जोडीनें चाले. जोडींतील एक पिंजऱ्याच्या टपावर उभा राही आणि दुसरा विहिरीच्या तळच्या खड्ड्यांत उतरे, आणि मधल्या अंधारांत फक्त शब्द ये-जा करीत. आणि त्या शब्दांत एक शब्द असा होता कीं त्यावर सारें राज्य उभें होतें. तो शब्द ‘झालं’. ज्यानें काम केलें त्यानें तो उच्चारूं नये. दुसऱ्या टोकास जो उभा असेल त्यानें दोर, वजनें, खटके डोळ्यांनीं पाहून मग म्हणावें, आणि त्यानें म्हटल्यावरच लिफ्ट लोकांसाठीं खुली व्हावी, ऐसा रिवाज. हा रिवाज कधीं पडला हें कोणी सांगत नाहीं. कोणी म्हणतात एकाचा हात गेला तेव्हां पडला, कोणी म्हणतात थोरले धनी तरुणपणीं फार बढाईखोर होते आणि त्यांचा जोडीदार त्यांस कंटाळला तेव्हां पडला. दोन्ही गोष्टी खऱ्या असूं शकतात.

पहिला मजला

ऐशा या राज्यीं कागदाचा सुकाळ होता. जोडी विहिरींतून बाहेर आली म्हणजे कामाचा कागद भरी, आणि त्या कागदास ग्रीस इतकें लागे कीं कोणतें अक्षर आणि कोणता अंगठा हें कचेरींत कळत नसे. मग सोसायट्यांचे सेक्रेटरी, जे आपापल्या आवारांतील संस्थानिकच, ते बोलूं लागले कीं शेजारच्या राज्याचे लोक काम संपतांच आमच्या फोनवर अहवाल धाडितात, तुमचा कागद आठवडा लोटल्यावर येतो आणि त्यास वास येतो. हें थोरल्या धन्यांच्या कानीं गेलें. थोरले धनी म्हणजे ज्यांनीं हें राज्य एका पान्यावर आणि एका सायकलीवर मिळविलें ते. त्यांस ‘वास येतो’ हें फार लागलें. आणि त्यांनीं हुकूम केला कीं प्रत्येक जोडीस पाटी द्यावी. पाटी म्हणजे शाळेंतील दगडी नव्हे, बोट लावितां उजळते ती, जीस शहरांत टॅब्लेट म्हणतात. भांडारगृहीं ‘टॅब्लेट पाहिजेत’ एवढाच निरोप पोंचला, तेव्हां भांडारी यांनीं आजार कोणता आणि त्या जेवणाआधीं घ्यायच्या कीं नंतर, अशी चौकशी केली. तेव्हांपासून राज्यीं पाटी हाच शब्द चालू जाहला.

आणि पाटी निवडण्याचें काम यंत्रनीस रेवतीबाई शेजवळ यांजकडे आलें. रेवतीबाई राज्यांतील समस्त संगणकांच्या कारभारी. पूर्वीं एका मोठ्या बँकेच्या संगणकखात्यांत होत्या, तेथून थोरल्या धन्यांनीं मागून आणिल्या. बाई स्वभावानें करड्या, बोलणें मोजकें, आणि एकाचा परवलीचा शब्द दुसऱ्यास ठाऊक असणें म्हणजे त्यांस घराचें दार उघडें टाकून गांवीं गेल्यासारखें वाटे. जोडीचा रिवाज त्यांनीं ऐकिला होता आणि मनांत त्यास जुनी खोड म्हणून ठेविलें होतें. आणि पाटी निवडणें म्हणजे एक वस्तू निवडणें नव्हे हें त्यांस पक्कें ठाऊक होतें. पाटीमागें तिचें सगळें घराणें येतें. तिचे कार्यक्रम, ज्यांस शहरांत ॲप म्हणतात ते, तिचे द्वारपाल, तिचे चार्जर, तिची दुरुस्ती करणारे, तिच्या रुसण्याच्या वेळा, आणि एकदां घरांत घेतली कीं पांच-सहा वर्षें तिच्याच तऱ्हेनें वागावें लागतें. आणि खंडेनवमीस राज्यीं पाने, पकडी, दोर, हातोडे मांडून पूजा होत असे, त्या हत्यारांत जी पाटी मांडली जाईल तीच राज्याची, ऐसें ठरलें.

मग बाईंसमोर तीन घराणीं आलीं. पहिली आरसपाटी: पातळ, झळझळीत, हातीं धरितां माणूस आपोआप ताठ उभा राही. तिच्या आंतलें सर्व कांहीं उत्तम, आंतील वस्तू एकमेकींशीं भांडत नाहींत, चोरास वाट नाहीं. परंतु किल्ल्याचा दरवाजा एकच, त्यावरचा द्वारपाल दूरदेशीं बसतो, आणि त्याच्या मर्जीवांचून आंत खुंटीसुद्धां ठोकतां येत नाहीं. दुसरी कचेरीपाटी: जमाखर्चाच्या संगणकांची सख्खी बहीण, त्यांची भाषा बोले, त्यांचे कागद उघडी, परंतु जागी होण्यास वेळ घेई, आणि माणूस घाईंत असतां ‘मी स्वतःस सुधारीत आहे, थांबा’ म्हणून निळें तोंड करून बसे. तिसरी जाडी पाटी: रबराची कड, ज्वारीच्या भाकरीएवढी जाड, रूप असें कीं कोणी पहिल्या नजरेंत उचलणार नाहीं. हिच्या घराण्यांत वीस कारखानदार, वीस तऱ्हा, एकाचें दुसऱ्याशीं जुळेल याची खात्री नाहीं, सांभाळणारा जागरूक हवा. परंतु भिंत आपल्या मजुराकडून फोडून आपल्या मापाचा दरवाजा बसवितां येतो.

आणि खरें लिहावें तर बाईंचें मन आरसपाटीकडे झुकलें होतें. एक पाटी, एक धनी, एक चेहरा. बँकेंतील माणसास यापरतें सुख तें काय.

दुसरा मजला

मग दरबार भरला. गादीवर थोरले धनी, उजवीकडे त्यांचे चिरंजीव धाकटे धनी, जे परदेशीं व्यापारशास्त्र शिकून आले होते आणि मनाचे वाईट नव्हते, फक्त उतावळे होते. आणि समोर सल्लागार ऋत्विजराव पै, ज्यांच्या घराण्यानें मोठमोठ्या राज्यांस पाट्या पुरविल्या होत्या. ऋत्विजरावांनीं आरसपाटी उजळली आणि भिंतीवर चित्रें उमटविलीं, आणि बोलिले कीं ही पाटी कारागिराचा चेहरा ओळखिते, लिफ्टीच्या प्रत्येक भागाची विचारपूस करिते, खटक्यांत बसविलेल्या संवेदकांशीं स्वतः बोलते, आणि काम संपलें म्हणजे कारागीर ‘पूर्ण’ या हिरव्या चौकोनावर बोट ठेवितो आणि अहवाल त्या क्षणीं सेक्रेटरींच्या फोनवर. आणि मग त्यांनीं मुख्य गोष्ट काढिली. पाटी सर्व पाहत असतां विहिरींत दुसरा मनुष्य कशास. जोडी फोडावी, प्रत्येकास एक पाटी द्यावी, आणि त्याच फौजेनें दुप्पट विहिरी राखाव्या.

हें ऐकून धाकट्या धन्यांचे डोळे चमकले. दुप्पट विहिरी, आणि एकाही मनुष्यास घरीं पाठविणें नाहीं. वाईट काय त्यांत. दरबारांतही कुजबूज जाहली, आणि कुजबुजींत होकारच अधिक होता. थोरल्या धन्यांनीं मात्र आपल्या हाताचीं बोटें गुडघ्यावर एक-एक करून टेकविलीं आणि म्हणाले,

“रेवतीबाई, पाटी तुम्ही निवडायची. पण बसून नाही. जोडीबरोबर विहिरीत जाऊन.”

तेव्हां धाकटे धनी म्हणाले कीं जाऊन या, परंतु ऋत्विजरावांच्या पाटीस नकार द्याल तर त्यांचें घराणें हात झटकील, सारें ओझें तुमच्या एकट्यांच्या शिरीं, आणि तें पेललें नाहीं तर यंत्रनीस हें खातेंच सल्लागारांकडे सोंपवूं. हें ते रागानें बोलिले नाहींत, हिशेबानें बोलिले, म्हणून अधिक बोचलें. बाईंनीं मान लविली आणि आरसपाटी कांखेस मारून त्या निघाल्या. त्या दिवशीं एका पाटीवर दोन गोष्टी टांगल्या गेल्या, राज्याच्या जोड्या आणि बाईंचें खातें.

तिसरा मजला

येथें लिफ्ट थांबत नाहीं. सबब येथें कांहीं लिहिलें नाहीं.

चौथा मजला

बाईंस जी जोडी मिळाली ती राज्यांत नामांकित. एक इलाही शिकलगार, दुसरे भगवंत ढेरंगे. दोघे हुशार, दोघे तोंडाळ, आणि गोकुळाष्टमीपासून दोघांचा अबोला. कारण असें कीं भगवंतरावांनीं नवी दुचाकी घेतली आणि पेढे वाटिले, तेव्हां इलाहीभाईंनीं तिचा आवाज ऐकून विचारिलें कीं गाडी घेतली कीं पिठाची गिरणी. एवढ्यावरून. मग इस्पितळाच्या विहिरीपाशीं तिघे जमले आणि बाई मध्यें उभ्या राहिल्या आणि दोघेही बाईंशींच बोलूं लागले.

“मॅडम, त्यांना विचारा, मोठी पकड आणली का.”

“मॅडम, त्यांना सांगा, पकड कालपासून त्यांच्याच पिशवीत आहे.”

“मॅडम, पिशवी कोणी भरली तेही विचारा.”

बाईंनीं कोणासच कांहीं विचारिलें नाहीं. त्यांनीं पाटी उजळली आणि म्हणाल्या कीं पाटीस चेहरा दाखवा, म्हणजे ती तुम्हांस ओळखील. तेव्हां जी चूक जाहली ती या राज्याच्याच मनुष्यांकडून व्हावी. एकाचा चेहरा म्हणजे काय हें दोघांस उमगलेंच नाहीं. आजवर राज्यानें त्यांजपासून जें जें मागितलें, सही म्हणा, हजेरी म्हणा, शपथ म्हणा, तें जोडीनेंच मागितलें होतें. तेव्हां महिनाभर एकमेकांकडे न पाहिलेले ते दोघे गालास गाल लावून पाटीसमोर उभे राहिले, आणि दोघेही फोटोसाठीं हंसले. पाटीनें दोन डोक्यांतून भगवंतरावांचें डोकें पसंत केलें आणि दार बंद करून घेतलें.

मग काम सुरू जाहलें. पिंजरा वरच्या मजल्याशीं आणिला, भगवंतराव त्याच्या टपावर पाटी घेऊन चढले, इलाहीभाई खालीं खड्ड्यांत उतरले. बाई वरच्या दारांत उभ्या राहिल्या. खालीं पाहिलें तर एक पिवळा दिवा आणि त्याखालीं एक डोकें, सुपारीएवढें. आणि त्या अबोल्याच्या दोघांमध्यें विहिरींत शब्द सुरू जाहले, ते असे पडत गेले.

सोडू?

सोड.

आला?

येतोय.

वजन?

हलतंय. थांब.

थांबलो.

डावीकडं बघ.

बघितलं.

सोड.

त्यांत राग नव्हता, प्रेमही नव्हतें. एकाचा पाय दुसऱ्याच्या जिभेवर ठेविलेला होता एवढेंच. बाई बँकेंत इतकीं वर्षें राहिल्या, त्यांनीं इतकें स्वच्छ बोलणें ऐकिलें नव्हतें.

मग काम संपलें आणि पाटीनें भगवंतरावांस हिरवा चौकोन दाखविला: पूर्ण? भगवंतरावांनीं बोट उचलिलें आणि तेथेंच धरिलें. तें बोट खालीं येईना. मग त्यांनीं खालीं वांकून पाहिलें. खालून इलाहीभाईंनीं दिवा फिरवून सर्व पाहिलें आणि हांक दिली, झालं. आतां शब्द खालीं आणि पाटी वर. हें कोडें भगवंतरावांनीं आपल्या रीतीनें सोडविलें. त्यांनीं पाटी सुतळीनें चारी बाजूंनीं बांधिली आणि पिंजरा व भिंत यांमधील फटींतून हळूहळू खालीं सोडिली. राज्याच्या इतिहासांत पाटी स्वतः लिफ्ट जाहली ती हीच वेळ. खालीं पोंचेपर्यंत ती मिटली होती. इलाहीभाईंनीं चेहरा दाखविला, ती ओळखेना. डोकें डावीकडे कलतें करून पाहिलें, फोटोंत तसें होतें म्हणून, तरीही ओळखेना. मग पाटी पुन्हां वर आली, भगवंतरावांचें तोंड पाहून उजळली, पुन्हां खालीं गेली, वाटेंत पुन्हां मिटली. बाहेर इस्पितळाचे लोक ताटकळले, एक सिस्टर येऊन विचारून गेली कीं लिफ्ट दुरुस्त होत आहे कीं आंत कोणी पतंग उडवीत आहे.

तेव्हां बाईंचा धीर सुटला. त्या म्हणाल्या पाटी इकडे द्या, मला दाबतां येतें, मी दाबितें. आणि त्यांनीं पाटी हातीं घेतली. तेव्हां टपावरून भगवंतराव आणि खड्ड्यांतून इलाहीभाई, ज्यांचें एका गोष्टीवर एकमत नव्हतें, ते दोघे एका दमांत नको म्हणाले. आणि भगवंतराव हळू आवाजांत, समजावून सांगितल्यासारखे बोलिले,

“मॅडम, तुम्ही खाली नव्हता.”

बाईंनीं बोट मागें घेतलें. आणि मनांत जें उभें राहिलें तें नवें नव्हतें, म्हणूनच त्या चमकल्या. बँकेंत हेंच होतें. नोंद करी तो एक आणि ती मान्य करी तो दुसरा, दोघांचीं नांवें वेगळीं, परवल्या वेगळ्या, आणि पहिल्यानें दुसऱ्याचें काम केलें तर त्याची नोकरी जाई. या नियमाचा बाईंस अभिमान होता. नव्या मुलांस त्या हाच नियम पहिल्या दिवशीं शिकवीत. आणि येथें तोच नियम ग्रीस लावून उभा राहिला तेव्हां त्यांनीं त्यास खोड म्हटलें होतें. मग बाईंनीं पाटी मिटविली, इस्पितळाच्या चोपडींत जुन्या रीतीनें दोघांच्या सह्या घेतल्या, आणि दोघांस चहा पाजिला. दोघांनीं तो बाईंच्या दोन बाजूंस बसून घेतला.

पांचवा मजला

मग बाईंनीं ऋत्विजरावांस विचारून पाहिलें कीं तुमच्या पाटीवर एका कामास दोन चेहरे चालतील काय, एक करणाऱ्याचा, दुसरा म्हणणाऱ्याचा. ऋत्विजराव सज्जनपणें म्हणाले कीं पाटीचें तेजच एका धन्यांत आहे. आमचा कार्यक्रम तयार घडविलेला आहे, तो उकलतां येत नाहीं, दूरदेशीं लिहून पाहूं, पुढल्या सालीं कदाचित्. आणि त्यांनीं हेंही म्हटलें कीं संवेदक हाच तुमचा दुसरा. बाई म्हणाल्या विचार करितें, आणि विचार करण्यास घरीं गेल्या नाहींत, आपल्या खात्यांत गेल्या. तेथें त्यांचे दोन कार्यक्रमकार होते, त्यांपुढें जाडी पाटी ठेविली आणि सांगितलें कीं हिच्या भिंतींत दोन दरवाजे पाडा. एकांतून करणारा आंत जाईल, दुसऱ्यांतून म्हणणारा. पहिल्या दरवाज्यानें गेलेल्यास ‘पूर्ण’ हा चौकोन दिसतांच कामा नये. आणि तो चौकोन काढून टाका, तेथें राज्याचा शब्द लिहा. आणि विहिरींत नेटवर्क नसतें, तेव्हां पाटीनें सर्व पोटांत ठेवावें आणि उजेडांत आल्यावर बोलावें. आणि हातमोजा घातलेलें बोट तिनें ओळखावें. आणि बॅटरी संपली तर नवी तेथेंच बदलतां यावी. आणि एक हरवली तर कचेरींतून तिचें तोंड बंद करितां यावें, कारण वीस कारखानदारांच्या घराण्यांत चोरवाटाही फार, त्यांवर पहारा आपलाच. आणि जोडीस दोन पाट्या, एक टपावर, एक खड्ड्यांत, आणि त्या दोघींनीं नेटवर्कावांचून एकमेकींशीं बोलावें, म्हणजे सुतळी लागणार नाहीं. हें सर्व होतां होतां आश्विन लागला, नवरात्र बसलें, आणि बाईंनीं ती पाटी आपल्या हातानें जिन्यावरून सोडून दिली. ती पायरी-पायरीनें खालीं गेली आणि खालीं पालथी पडून उजळत राहिली. बाईंस त्या दिवशीं प्रथम ती देखणी दिसली.

वरचा मजला, जेथें दरबार

मग खंडेनवमी आली. दरबाराच्या दालनांत हत्यारें मांडिलीं, झेंडूच्या माळा घातल्या, आणि पान्यांच्या शेजारीं एक जागा मोकळी ठेविली. त्या दिवशीं पूजेआधीं राजवाड्याची स्वतःची लिफ्ट तपासण्याचा परिपाठ, तें काम इलाहीभाई आणि भगवंतराव यांजकडे, आणि तें चालूं असतांच वर वाद लागला. बाईंनीं जाडी पाटी पुढें ठेविली. धाकटे धनी तिजकडे पाहून म्हणाले कीं हें काय, ही पाटी कीं पाटा. दरबार हंसला. मग ते म्हणाले कीं राज्य दुप्पट होत असतां एका शब्दासाठीं अर्धें राज्य सोडावें काय. दुसरा मनुष्य काय पाहतो जें संवेदक पाहत नाहीं. बाई म्हणाल्या कीं संवेदक पाहतो हें खरें, तो मलाही हवा, तो जाड्या पाटीसही जोडिला आहे. परंतु तो कोणासाठीं भीत नाहीं. धाकटे धनी म्हणाले भिण्यानें लिफ्ट चालत नाहीं, आणि आरसपाटी उचलून बोलिले कीं आतां या लिफ्टीचें काम चालूं आहे ना, तर मीच चौकोन दाबून दाखवितों, काय होतें तें पहा.

“दाबा,” बाई म्हणाल्या. “फक्त खाली उभं राहून दाबा.”

धाकट्या धन्यांनीं वडिलांकडे पाहिलें, वडील झेंडूची माळ सरळ करीत होते. मग धाकटे धनी उठले. हेंही लिहिलें पाहिजे कीं ते मागें सरले नाहींत. जिन्यानें खालीं गेले, पांढऱ्या सदऱ्याच्या बाह्या सारिल्या, आणि खड्ड्यांत उतरले. बाईही जाडी पाटी घेऊन मागोमाग तळच्या दाराशीं आल्या. इलाहीभाई बाहेर येऊन बाईंच्या शेजारीं उभे राहिले. वरून भगवंतरावांनीं नेहमीप्रमाणें विचारिलें सोडू, आणि खालून नेहमीचा आवाज न येतां दुसराच आवाज आला तेव्हां ते क्षणभर थांबले, आणि मग त्यांनीं पिंजरा इतका हळू आणिला कीं तो येतो कीं नाहीं हें कळूं नये.

बाईंनीं दारांतून पाहिलें. धाकटे धनी एका हातीं दिवा, दुसऱ्या हातीं आरसपाटी घेऊन उभे, आणि डोक्यावर तो काळा तळ उतरत आहे. पिंजरा थांबला. पाटीवर हिरवा चौकोन आला, संवेदकांनीं सर्व ठीक म्हणून कळविलें. आतां बोट ठेवावयाचें एवढेंच. परंतु धाकट्या धन्यांनीं पाटी खालीं ठेविली आणि गुडघ्यांवर बसून दोराखालचें वजन पाहिलें. मग स्प्रिंग पाहिली. मग उठले आणि पुन्हां वजन पाहिलें. मग इलाहीभाईंकडे वळून विचारिलें कीं हें एवढें हलतें तें बरोबर आहे काय. इलाहीभाई त्यांच्या जन्माआधींपासून राज्यांत होते, त्यांस उत्तर ठाऊक होतें. तरी ते म्हणाले,

“तुम्हाला काय वाटतं, साहेब? आज खाली तुम्ही आहात.”

धाकटे धनी पुन्हां बसले. त्यांनीं त्या वजनास हात लाविला, थांबविलें, सोडिलें, आणि कितीदां हलतें तें पाहत राहिले. मग पिंजरा पुन्हां वर न्या म्हणाले, मग पुन्हां आणा. वर नैवेद्य निवाला, गुरुजींनीं दोनदां घड्याळ पाहिलें, दरबारी मंडळी जिन्याच्या कठड्यावरून वांकून वांकून पाहूं लागली. ऋत्विजराव म्हणाले फार वेळ लागत आहे. थोरले धनी म्हणाले लागूं द्या. आणि बाईंच्या मनांत आलें कीं हा मुलगा आतां राज्याचा हिशेब करीत नाहीं. या पिंजऱ्यांत उद्यां कोण कोण चढेल त्यांचे चेहरे पाहत आहे. त्यांस जिंकावें असें बाईंस वाटेना. त्यांनीं नीट पहावें एवढेंच वाटलें.

मग पिंजरा वरच्या मजल्याशीं नेण्यास सांगून धाकटे धनी पाटीसह खड्ड्यांतून बाहेर आले, खड्ड्याचें दार स्वतः लाविलें, खटका पाहिला, आणि तो शब्द उच्चारला. तो इतका हळू आला कीं वरून भगवंतराव ओरडले, काय म्हणालात, ऐकू नाही आलं. तेव्हां त्यांनीं छातींत वारा भरून पुन्हां म्हटलें,

“झालं.”

आणि विहीर तळापासून वरपर्यंत घुमली.

मग त्यांनीं आरसपाटी तोंडासमोर धरिली. तोंडास ग्रीस लागलें होतें, पाटीनें आपल्या धन्यास ओळखिलें नाहीं. इलाहीभाईंनीं मान फिरवून हंसूं लपविलें. धाकटे धनी हंसले नाहींत. त्यांनीं ती कांखेस मारिली, बाईंपुढें हात केला, जाडी पाटी घेतली, म्हणणाऱ्याच्या दरवाज्यानें आंत गेले आणि काळ्या बोटानें तो शब्द दाबिला. वर भगवंतरावांजवळच्या जोडीच्या जाड्या पाटीवर तो उमटला आणि त्यांनीं टपावरून उतरून लिफ्ट मोकळी केली.

सारे जिन्यानें वर आले. लिफ्ट वरच्या मजल्यावर दार उघडून उभी होती, आणि दालनांतून थोरले धनी काठी न घेतां चालत तिजपाशीं आले. त्यांनीं एकच विचारिलें.

“कोण म्हणालं?”

भगवंतराव म्हणाले, “धाकटे साहेब.”

थोरल्या धन्यांनीं चिरंजीवांकडे पाहिलें. गुडघे, बाह्या, कपाळावरचा काळा पट्टा, सर्व पाहिलें. दरबाराची समजूत होती कीं आतां पाठीवर हात पडेल, कांहीं बोलणें होईल. परंतु थोरले धनी सरळ लिफ्टींत चढले. नव्या तपासलेल्या लिफ्टींत पहिला मनुष्य म्हणून चढले आणि पिंजऱ्याच्या मधोमध उभे राहिले.

“रेवतीबाई, या,” म्हणाले.

बाई आंत गेल्या. धाकटे धनी बाहेर उभे, जणूं दोन मनुष्यें त्यांच्या तळहातावरून खालीं जाणार होतीं. दार लागलें. थोरल्या धन्यांनीं तळमजल्याचें बटण स्वतः दाबिलें. पिंजरा निघाला, धक्का नाहीं, आवाज नाहीं. बाईंनीं पाहिलें तर थोरले धनी छताकडे तोंड करून उभे होते आणि त्यांचे डोळे भरले होते, आणि तें लपविण्याची त्यांस गरज वाटत नव्हती.

“जाड्याच मागवा,” ते म्हणाले. “प्रत्येक जोडीला दोन.”

एवंच

जोड्या राहिल्या, यंत्रनीस खातें राहिलें, राज्य दुप्पट जाहलें नाहीं, परंतु सोसायट्यांच्या सेक्रेटरींनीं एकमेकांस सांगितल्यामुळें वाढलें. कचेरीपाट्या जमाखर्चाकडे गेल्या, तेथें त्या सुखी आहेत. आरसपाट्या गिऱ्हाइकांस नव्या लिफ्टींचीं चित्रें दाखविणाऱ्यांस दिल्या, त्या कामीं त्यांची बरोबरी नाहीं. ऋत्विजरावांस शाल देऊन निरोप दिला. धाकटे धनी महिन्यांतून एकदां खड्ड्यांत उतरतात. इलाहीभाई आणि भगवंतराव यांचा अबोला दिवाळींत सुटला आणि पाडव्यास पुन्हां धरिला. आतां इतर राज्यांचे वकील रेवतीबाईंकडे येतात आणि विचारितात कीं सर्वांत चांगली पाटी कोणती. बाई त्यांस विचारितात, “तुमच्याकडं काम कसं करतात?” ज्यास सांगतां येतें त्यास बसवून घेतात, आणि ज्यास येत नाहीं त्यास आधीं जाऊन पाहून या म्हणतात. जसें घडलें तसें लिहिलें, अधिक-उणें वाचणारांनीं सांभाळून घ्यावें.